पंधरा कोटी अंशांच्या शेजारी धातूचा लेप कसा टिकतो

चवथ महिन्यावर आली की डिचोलीच्या आमच्या जुन्या घरी पितळेचे टोप कल्हईला निघत. कल्हईवाला अंगणाच्या कडेला खड्डा खणून भाता लावी, निखाऱ्यांवर टोप फिरवीत तापवी आणि चिमूटभर नवसागर आत टाकी. नाकाला झोंबणारा पांढरा धूर निघाला की तो कथलाची कांडी तापल्या बुडाला टेकवी आणि कापसाच्या बोळ्याने ते पातळ झालेले कथील एका हाताच्या फेऱ्यात सगळीकडे पसरवी. काळवंडलेले पितळ बघता बघता चांदीसारखे दिसू लागे. त्यातलाच एक नवा कल्हई केलेला टोप मी एकदा चुलीवर रिकामाच ठेवून विसरलो. परत येऊन पाहतो तर कल्हईचे बारीक मणी होऊन बुडाला जमले होते आणि मधूनमधून पितळ उघडे पडले होते. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. टोपात पाणी असते तर तो लेप शंभराच्या फारसा वर गेलाच नसता.

न्हाणीघरातल्या, पाणी तापवायच्या तांब्याच्या भाणाचीही हीच गोष्ट आहे. लाकडाचा जाळ हजार अंशांच्या घरात जातो आणि तांबे १,०८५ अंशांना वितळते, मऊ तर त्याच्या कितीतरी आधी पडते. तरीही भाण वर्षानुवर्षे जाळावर बसते, कारण आलेली उष्णता तांबे अडवून धरत नाही, लगेच आतल्या पाण्याच्या हवाली करते. अणुसंमीलनाच्या, म्हणजे फ्यूजनच्या भट्टीत हलके अणू जोडून ऊर्जा मिळवायची असते आणि त्यासाठी आतला वायू पंधरा कोटी अंशांपर्यंत तापवावा लागतो. तिथल्या भिंतींवरच्या धातूच्या लेपांविषयी वाचताना मला हे दोन प्रसंग पुन्हा पुन्हा आठवतात. त्या लेपांच्या कौतुकात बहुतेक वेळा धातूच्या वितळणबिंदूवर भर असतो. माझ्या मते तो अर्धाच भाग झाला. लेप ज्याला चिकटला आहे तो जोड कसा आहे आणि उष्णता पुढे कोणाकडे जाते, यावर लेपाचे आयुष्य अधिक अवलंबून असते.

या विषयावर कुठेही मराठीतून बोलायला गेलो तरी श्रोत्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पंधरा कोटी अंशांची वस्तू ठेवणार कुठल्या भांड्यात? याचे उत्तर दोन टप्प्यांत द्यावे लागते. पहिला टप्पा असा की तापमान आणि उष्णता या एकच गोष्टी नव्हेत. दिवाळीतल्या फुलबाजीच्या ठिणग्या हजार अंशांहून गरम असतात, पण हातावर पडल्या तर क्षणभर टोचून विझतात, कारण त्यांच्यात वस्तुमानच फार थोडे असते. फ्रान्सच्या दक्षिणेला कादाराश येथे भारतासह सात भागीदार मिळून ‘इटर’ हे संयंत्र उभारीत आहेत. त्याच्या पोटात सुमारे ८४० घनमीटर प्लाझ्मा असेल, म्हणजे एखाद्या लहान सभागृहाएवढा; परंतु तो आपल्या भोवतीच्या हवेपेक्षा लाखो पटींनी विरळ असल्यामुळे त्या सगळ्याचे वजन अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी भरेल. दुसरा टप्पा असा की प्लाझ्मा म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू असल्याने चुंबकीय क्षेत्र त्याला मेदूवड्याच्या आकारात भिंतीपासून दूर लोंबकळत ठेवू शकते. अशा यंत्राला टोकामाक म्हणतात.

पण चुंबकाचे भांडे गळके असते, आणि ते गळके असणे आवश्यकही असते. ड्यूटेरियम आणि ट्रिटियम हे हायड्रोजनचे दोन जड भाऊ एकत्र आले की हीलियमचे केंद्रक आणि एक न्यूट्रॉन बाहेर पडतो. निघालेल्या ऊर्जेचा चार-पंचमांश भाग न्यूट्रॉन घेऊन जातो. त्याला विद्युतभार नसल्यामुळे तो चुंबकाला जुमानत नाही आणि लेपातून आरपार जाऊन भिंतीच्या खोल भागात शिरतो. उरलेला एक-पंचमांश हीलियमकडे राहतो आणि तो प्लाझ्मालाच तापवतो. इटरमध्ये संमीलनातून ५०० मेगावॅट शक्ती मिळवण्याचे उद्दिष्ट आहे. म्हणजे त्यातले १०० मेगावॅट हीलियमचे आणि बाहेरून तापवण्यासाठी ओतलेले सुमारे ५० मेगावॅट, असे १५० मेगावॅट प्लाझ्मातून सतत बाहेर काढावे लागतील. त्यासोबत हीलियमची ‘राख’ही काढावी लागेल, नाहीतर ती साठून आग विझवील. हे काम तळाशी असलेला डायव्हर्टर नावाचा भाग करतो. चुलीची राख काढायला खाली जागा ठेवतात तशी ही जागा आहे, फक्त इथे राखेबरोबर जाळही तिथेच उतरतो.

तो जाळ किती? मे महिन्यातल्या दुपारी मिरामारच्या वाळूवर अनवाणी उभे राहवत नाही, तेव्हा तिथल्या एका चौरस मीटरवर सूर्याकडून सुमारे १ किलोवॅट शक्ती पडत असते. इटरच्या डायव्हर्टरवर दर चौरस मीटरला १० मेगावॅट, म्हणजे तसल्या दहा हजार दुपारी एकावर एक रचल्यासारखा भार सतत पडणार आहे आणि अधूनमधून काही सेकंद तो २० मेगावॅटपर्यंत चढणार आहे. प्रत्यक्ष सूर्याच्या पृष्ठभागावरून दर चौरस मीटरमागे ६३ मेगावॅट बाहेर पडतात, हे लक्षात घेतले की या आकड्याचा धाक कळतो.

एवढ्या भाराला तोंड द्यायला आज सर्वांची पसंती टंगस्टनला आहे. सर्व धातूंमध्ये त्याचा वितळणबिंदू सर्वांत वरचा, ३,४२२ अंश. ज्याची तार आपल्या जुन्या पिवळ्या दिव्यात तापून उजळत असे, तोच हा धातू. तो उष्णता चांगली वाहून नेतो आणि ट्रिटियम फारसे शोषून धरत नाही. परंतु त्याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्याचे अणू जड आहेत. प्लाझ्मातून सुटलेला कण भिंतीवर आदळला की तो भिंतीतला अणू उडवू शकतो. पाण्याच्या धारेने माती सुटावी तशी भिंत झिजत जाते. गोव्यातल्या मुलांना हे समजावताना मी काजूच्या बियांचा खेळ पुढे करतो. बी दुसऱ्या बीवर मारली तर दुसरी उडते, पण तीच बी चिऱ्यावर मारली तर चिरा हलत नाही, बीच परत येते. हिशेबही सोपा आहे. ड्यूटेरियमचे वस्तुमान २, टंगस्टनचे १८४. समोरासमोर टक्कर झाली तरी ड्यूटेरियम आपल्या ऊर्जेपैकी फार तर ४ टक्के टंगस्टनला देऊ शकतो. तोच कण बेरिलियमवर आदळला तर ६० टक्क्यांपर्यंत ऊर्जा देऊन मोकळा होतो. त्यामुळे टंगस्टनचा अणू उडवायला ड्यूटेरियमच्या कणापाशी २०० हून अधिक इलेक्ट्रॉन-व्होल्ट (हे कणांची ऊर्जा मोजायचे माप) ऊर्जा लागते, बेरिलियमला मात्र दहाएक पुरतात.

आधीच्या यंत्रांमध्ये कार्बनच्या लाद्या असत. कार्बन वितळतच नाही, थेट वाफ होतो, शिवाय तो हलका. म्हणून वर्षानुवर्षे तो लाडका होता. पण हायड्रोजनशी त्याची रासायनिक गट्टी जमते, त्यातून हायड्रोकार्बन तयार होतात आणि ते थंड कोपऱ्यांत जाऊन थरांच्या रूपाने बसतात. इंधनात ट्रिटियम असले की हे थर किरणोत्सारी होतात आणि महागडे इंधनही त्यांत अडकून पडते. इटरच्या पोटात एका वेळी १ किलोहून अधिक ट्रिटियम अडकू द्यायचे नाही, अशी मर्यादा आहे. इंग्लंडमध्ये कल्हॅम येथे २०२३ पर्यंत चाललेल्या ‘जेट’ या टोकामाकात कार्बनच्या भिंतीच्या जागी बेरिलियम आणि टंगस्टन बसवले गेले आणि २०११ पासून प्रयोग सुरू झाले, तेव्हा अडकणारे इंधन दहापटीहून अधिक कमी झाल्याचे दिसले. कार्बनचा अध्याय तिथे जवळजवळ संपला.

जेटच्या या बदलात आपल्या विषयाचा गाभा आहे. तिथली डायव्हर्टरची एक रांग ठोस टंगस्टनची होती. बाकीच्या लाद्या कार्बनतंतूंच्याच ठेवून त्यांच्यावर टंगस्टनचा मुलामा चढवला. कारण व्यवहारी होते. टंगस्टनची घनता जवळजवळ सोन्याएवढी, आणि जुन्या आधारांवर एवढे वजन टाकता येत नव्हते. हा मुलामा रुमानियातल्या मागुरेले इथल्या प्रयोगशाळेत चढवला गेला. निर्वात पेटीत टंगस्टनच्या तबकडीवर आयनांचा मारा करून तिचे अणू उडवायचे आणि ते लादीवर बसू द्यायचे, ही त्याची रीत. म्हणजे भट्टीत जी झीज शत्रू मानली जाते, तीच इथे कारागिराच्या हातचे हत्यार होते. अधूनमधून लादीला उच्च व्होल्टेजचे झटके दिले जात, त्यामुळे येणारे आयन जोराने आत रुतत, थर घट्ट होई आणि त्यातला ताण सैल पडे. एवढे करून तयार झालेला थर दहा ते पंचवीस मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी.

एवढा पातळ थर निघून का येत नाही? कल्हईवाल्याचा नवसागर इथे कामाला येतो. गरम पितळावर ऑक्साइडची काळपट पापुद्री असते आणि वितळलेले कथील तिला चिकटत नाही. नवसागर तापला की त्यातून निघणारे हायड्रोजन क्लोराइड ती पापुद्री खाऊन टाकते, आणि उघड्या पडलेल्या धातूतले तांबे कथलाशी एकजीव होऊन दोघांच्या सीमेवर मिश्रधातूचा एक सूक्ष्म थर बनवते. कल्हई टिकते ती या थरामुळे. कार्बन आणि टंगस्टन यांच्यात अशी सोयरीक जुळते, पण ती घातक ठरते: सुमारे १,२०० अंशांच्या वर दीर्घकाळ तापले की कार्बन टंगस्टनमध्ये शिरतो आणि टंगस्टन कार्बाइड तयार होते. कापण्याच्या हत्यारांना हे उत्तम, पण लेपाला ते ठिसूळ करते.

त्याहून मोठी अडचण प्रसरणाची. आपल्याकडे चिऱ्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला तर चारदोन पावसाळ्यांत त्याचे पोपडे निघतात, कारण चिरा आणि सिमेंट ओलाव्याने आणि उन्हाने सारखे फुगत-आकसत नाहीत. कार्बनतंतूंच्या लादीत तर एकाच लादीचे दोन स्वभाव असतात: तंतूंच्या दिशेने ती तापल्यावर जवळजवळ वाढतच नाही आणि आडव्या दिशेने टंगस्टनच्या दुपटीहून अधिक वाढते. म्हणून टंगस्टनच्या खाली आधी मॉलिब्डेनमचा दोन-तीन मायक्रॉनचा थर दिला गेला. हा दोन भांडणाऱ्या शेजाऱ्यांमधला मध्यस्थ. मॉलिब्डेनमचे प्रसरण टंगस्टनपेक्षा थोडे अधिक असल्याने ताण एकदम न बसता पायरीने बसतो. तरीही जिथे लेप फाटला तिथे तो बहुधा तंतूंच्या रेषेतच फाटला, म्हणजे खालच्या लादीची वीण वरच्या लेपात उमटली.

लेप चढवण्याच्या आणखीही पद्धती आहेत. त्यांचा धावता उल्लेख पुरे. प्लाझ्मा-फवारणीत टंगस्टनची भुकटी पेटत्या झोतातून नेऊन वितळत्या थेंबांच्या रूपाने पृष्ठभागावर मारतात. मिलिमीटरभर जाडी सहज मिळते, पण थेंबांच्या मधे राहिलेल्या पोकळ्यांमुळे असा थर ठोस धातूइतकी उष्णता वाहून नेत नाही. दुसऱ्या पद्धतीत टंगस्टन आणि फ्लोरिन यांचा वायू हायड्रोजनबरोबर तापल्या वस्तूवरून सोडतात, आणि शुद्ध, घट्ट टंगस्टन अणूअणूने जमत जाते. जर्मनीत गार्खिंग येथील ‘अस्डेक्स अपग्रेड’ यंत्राने ग्रॅफाइटच्या लाद्यांवर टंगस्टनचे लेप देत देत २००७ पर्यंत आपली सगळी आतली बाजू टंगस्टनची केली. पूर्ण टंगस्टनच्या घरातही प्लाझ्मा नीट नांदतो, हा विश्वास तिथून आला.

मात्र या यंत्रांतले प्रयोग काही सेकंदांचे. लादी तापते, प्रयोग संपतो, लादी निवते. इटरमध्ये प्लाझ्मा मिनिटांच्या हिशेबात टिकवायचा आहे आणि वीजनिर्मितीच्या भट्टीत तर महिनोन्‌महिने. तिथे केसाएवढा लेप झिजून जाईल आणि पाण्यावाचून लादी तापतच राहील. म्हणून डायव्हर्टरसाठी लेपाची कल्पना जाड होत होत ठोकळ्यापर्यंत पोहोचली. असा एक ठोकळा डोळ्यांसमोर आणावा. सुमारे २८ मिलिमीटर रुंद, १२ मिलिमीटर जाड, राखाडी रंगाचा, हातात घेतला तर आकाराच्या मानाने चकित करणारा जड. मधोमध एक भोक. या भोकातून क्रोमियम आणि झर्कोनियम अत्यल्प प्रमाणात मिसळलेल्या तांब्याची नळी जाते, आणि मण्यांची माळ ओवावी तसे ठोकळे त्या नळीवर ओवलेले असतात. नळीतून दाबाखाली पाणी धावते, आणि ते नळीला घासत गरगरत जावे म्हणून आत पिळलेली धातूची पट्टी बसवलेली असते. आमचे भाणच हे, फक्त बाहेर टंगस्टन, मधे तांबे, आत पाणी.

आता या ठोकळ्यात वरपासून खालपर्यंत उतरत जाऊ. दर चौरस मीटरला १० मेगावॅट उष्णता टंगस्टनमधून जाताना दर मिलिमीटरला तापमान साधारण ९० अंशांनी उतरते. तोंडाकडचा टंगस्टन सातएक मिलिमीटर जाड धरला तर एवढ्या अंतरात सहाशेहून अधिक अंशांची उतरंड होते. वर लालभडक तापलेला धातू आणि बोटाच्या पेराहून कमी अंतरावर पाणी. २० मेगावॅटला ही उतरंड दुप्पट चढी होते. जाडी वाढवली तर झिजायला अधिक माल मिळतो, पण पृष्ठभाग तेवढाच अधिक तापतो. जाडी कमी केली तर तो थंड राहतो, पण आयुष्य घटते. सातएक मिलिमीटर हा आकडा या ओढाताणीतून आलेला आहे.

आणि मग तो जोड. एक मीटर लांबीची पट्टी १०० अंशांनी तापवली तर तांब्याची पट्टी सुमारे १.७ मिलिमीटरने लांबते, टंगस्टनची अर्ध्या मिलिमीटरनेही नाही. शिवाय तांबे आणि टंगस्टन एकमेकांत विरघळत नाहीत; कथील-पितळासारखा एकजीव थर त्यांच्यात होतच नाही. उपाय असा की टंगस्टनच्या भोकात आधी निर्वातात शुद्ध तांबे ओतून मिलिमीटरभर जाडीचे अस्तर करायचे आणि मग त्या अस्तराला नळी जोडायची. शुद्ध तांबे मऊ असते. वरचा आणि खालचा धातू वेगवेगळ्या ओढीने ताणू लागले की ते स्वतः थोडे वाकते, पण जोड तुटू देत नाही. या अस्तरात एखादी पोकळी राहिली तर तेवढ्या जागी उष्णतेची वाट बंद होते आणि तिच्यावरचा टंगस्टन एकटाच तापत जातो, म्हणून प्रत्येक जोड बसवण्यापूर्वी श्राव्यातीत ध्वनिलहरींनी (अल्ट्रासाउंडने) तपासतात. नमुन्यांवर इलेक्ट्रॉनांचा झोत टाकून, तापवून-निववून हजारो फेऱ्या घेतात. आपल्या देशात गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत असे टंगस्टन-तांब्याचे नमुने घडवून तापवून पाहिले जातात; १९८९ मध्ये सुरू झालेले ‘आदित्य’ टोकामाकही तिथलेच.

ठोकळ्यांच्या मधे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास फट मुद्दाम सोडलेली असते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात तशा भेगा धातूने आपल्या मर्जीने पाडण्याऐवजी आपणच आधी ठेवलेल्या बऱ्या. पण फट म्हटली की कड आली. चुंबकीय रेषा ठोकळ्यांवर सुमारे तीन अंशांच्या कोनातून, जवळजवळ सरपटत येतात. संध्याकाळचे तिरके ऊन अंगणावर मंद पसरते आणि पायरीच्या उभ्या कडेवर मात्र थेट पडते, तसे इथे होते: एखादा ठोकळा शेजाऱ्यापेक्षा किंचित वर आला तर त्याची उघडी कड थेट झोतात सापडून वितळू शकते. त्यामुळे इटरच्या ठोकळ्यांच्या माथ्याला एका बाजूकडून अर्धा मिलिमीटरचा उतार दिलेला आहे, जेणेकरून प्रत्येक ठोकळा पुढच्याची कड आपल्या सावलीत ठेवील. अब्जावधींच्या यंत्राचे भवितव्य सुताराच्या रंध्याएवढ्या उतारावर टेकलेले असते, याची मला गंमत वाटते.

टंगस्टनचे दोषही सांगायला हवेत. थंडपणी तो ठिसूळ असतो. काहीशे अंशांपर्यंत तापल्यावरच त्याला थोडी लवचिकता येते. उलट सुमारे १,२०० ते १,३०० अंशांच्या वर दीर्घकाळ ठेवला तर त्याचे आतले स्फटिककण वाढून मोठे होतात आणि तो पुन्हा कमकुवत होतो. म्हणजे वापराची सुरक्षित खिडकी वितळणबिंदूवरून वाटते त्यापेक्षा फार अरुंद आहे. दिव्याची तार करणाऱ्यांना हीच पीडा होती. त्यांनी टंगस्टनमध्ये पोटॅशियमचे सूक्ष्म बुडबुडे अडकवून कणांची वाढ रोखली. तोच जुना उपाय आता भट्टीच्या ठोकळ्यांसाठी तपासला जात आहे.

हीलियमचा उपद्रव आणखी विचित्र आहे. साधारण ७०० ते १,७०० अंशांच्या दरम्यान तापलेल्या टंगस्टनवर हीलियमचा मारा होत राहिला की त्याच्या पृष्ठभागाखाली बुडबुडे जमतात आणि वर नॅनोमीटर जाडीच्या तंतूंची काळी लव उगवते. पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर बुरशी येते, अगदी तशी. ही लव उष्णता नीट वाहून नेत नाही आणि सुटून धूळ होण्याची भीती असते.

सुटलेला टंगस्टन प्लाझ्मात गेला तर काय, हा प्रश्न लेपाच्या झिजेपेक्षाही गंभीर आहे. त्याच्या अणूत ७४ इलेक्ट्रॉन असतात. एवढ्या प्रचंड तापमानातही ते सगळे सुटत नाहीत, आणि उरलेले इलेक्ट्रॉन सतत ऊर्जा घेऊन किरणांच्या रूपाने बाहेर टाकत राहतात. प्लाझ्मात लाखात काही अणू एवढेच टंगस्टन मिसळले तरी भट्टी निवू लागते. कार्बन किंवा बेरिलियम शेकड्यात एखाददुसरा असला तरी चालून जाते. म्हणून टंगस्टनची भिंत वापरायची तर तिला अंगाला लागू न देण्याची व्यवस्था हवी. डायव्हर्टरजवळ निऑन किंवा नायट्रोजन थोडासा सोडतात. तो वायू प्लाझ्माची ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने चहूकडे विखरून टाकतो आणि धातूला स्पर्श होण्याआधी प्लाझ्मा काही इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत, म्हणजे पन्नासएक हजार अंशांपर्यंत निवतो. पन्नास हजार अंशांना निवणे म्हणायचे, हे या क्षेत्राचेच धाडस. पण निऑनचे आयन ड्यूटेरियमपेक्षा जड असल्याने तेच टंगस्टनला अधिक झिजवतात, त्यामुळे मात्रा जपून द्यावी लागते.

इटरच्या मुख्य भिंतीला आधी बेरिलियम लावायचे ठरले होते. ते १,२८७ अंशांनाच वितळते आणि त्याची धूळ फुप्फुसांना विषारी असते. २०२३ मध्ये ते बदलून तिथेही टंगस्टन घेण्याचे ठरले. मात्र बेरिलियम एक काम फुकटात करीत असे: प्लाझ्मातला उरलासुरला ऑक्सिजन शोषून घेई. टंगस्टन ते करीत नाही. म्हणून आता टंगस्टनवर अधूनमधून बोरॉनचा, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा पातळ थर देण्याची योजना आहे. लेपावर लेप, तोही झिजून जाण्यासाठीच दिलेला. इटरच्याच शेजारी असलेल्या ‘वेस्ट’ या टंगस्टनच्या टोकामाकात १२ फेब्रुवारी २०२५ रोजी प्लाझ्मा १,३३७ सेकंद, म्हणजे बावीस मिनिटांहून अधिक टिकला. पाण्याने निवणारा टंगस्टन एवढा वेळ उभा राहतो, हे त्यातून दिसले; तापवण्यासाठी दिलेली शक्ती मात्र केवळ २ मेगावॅट होती, हे विसरता कामा नये.

न्यूट्रॉनांचा प्रश्न या सगळ्यांच्या पलीकडे आहे. ते टंगस्टनच्या अणूंना जागचे हलवतात आणि काहींचे रूपांतर रेनियम व ऑस्मियममध्ये करतात. वर्षानुवर्षांच्या माऱ्यानंतर ठोकळा टंगस्टनचा न राहता अनाहूत मिश्रधातू होतो, अधिक ठिसूळ आणि उष्णतेला मंद. आणखी एक भय अपघाताचे. थंड करणारे पाणी गेले आणि हवा आत शिरली तर हजार अंशांच्या आसपास तापलेल्या टंगस्टनचे ऑक्साइड वाफ होऊन उडू लागते, आणि तोवर ते किरणोत्सारी झालेले असते. म्हणून जर्मनीतल्या युलिख इथे टंगस्टनमध्ये क्रोमियम आणि थोडे इट्रियम मिसळून पाहत आहेत. रोजच्या कामात प्लाझ्मा वरचे क्रोमियम झिजवून टंगस्टनच उघडे ठेवतो. हवा लागली की खालचे क्रोमियम पुढे येऊन ऑक्साइडची पापुद्री धरते आणि दार लावून घेते. समुद्रकाठच्या घरात लोखंडी ग्रील दोन पावसाळ्यांत गंजते आणि स्टेनलेस स्टीलची टिकते, ती याच क्रोमियममुळे.

झिजलेल्या भिंतीची डागडुजी कशी करायची, याचे एक उत्तर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी सुचवले. त्यांनी स्टेनलेस स्टीलवर टँटलमचा लेप ‘शीत फवारणी’ने चढवला. या पद्धतीत भुकटी वितळवत नाहीत. वायूच्या झोतात तिला ध्वनीहून अधिक वेगाने फेकतात आणि प्रत्येक कण आदळून, भिंतीवर थापलेल्या शेणीसारखा चपटा होऊन चिकटतो. टँटलम ३,०१७ अंशांना वितळते आणि हायड्रोजन शोषून घेते, आणि चपट्या कणांच्या मधल्या सीमांमुळे या लेपाची शोषण्याची क्षमता आणखी वाढलेली दिसली. प्लाझ्मातून निसटलेला थंड हायड्रोजन पकडायला हे उपयोगी आहे. लेप तापवला की तो हायड्रोजन परत बाहेर येतो. ट्रिटियम जळणाऱ्या मोठ्या भट्टीत मात्र हाच गुण डोकेदुखी होईल असे मला वाटते, कारण तिथे भिंतीने इंधन न गिळणे हेच टंगस्टनचे भांडवल आहे.

तरी फवारणीची ही रीत मला आश्वासक वाटते ती दुरुस्तीसाठी. भट्टी एकदा चालली की तिच्या पोटात माणसाला जाता येत नाही. यंत्राचा हातच लाद्या काढतो आणि बसवतो. लादी न काढता जागच्या जागी नवा थर देता आला तर काम बरेच सोपे होईल. फक्त त्यासाठी आधी जुन्या पृष्ठभागावरची बोरॉनची, ऑक्साइडची आणि हीलियमच्या लवेची साय खरवडून काढावी लागेल, आणि त्यातून उडणारी किरणोत्सारी धूळ शेवटच्या कणापर्यंत गोळा करावी लागेल.